युके स्नूकर चॅम्पियनशिप: तिकीट कुठल्या दिवसाचं काढावं, आणि का

आधी निष्कर्ष. यॉर्कच्या बार्बिकन सभागृहात नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या सुरुवातीला होणारी युके चॅम्पियनशिप बघायला जायचं असेल आणि खिशात एकाच दिवसाचे पैसे असतील, तर अंतिम सामन्याच्या दिवसाची दुपार आणि संध्याकाळ अशी दोन्ही सेशन्स घ्या. दोन दिवस परवडत असतील तर दुसरा दिवस शेवटच्या ३२ च्या फेरीतला निवडा. उपांत्य फेरीचं तिकीट सगळ्यात शेवटी विचारात घ्या. उपांत्य सामना म्हणजे मोठा सामना अशी आपली सवय असल्यामुळे हा क्रम उलटा वाटेल. पण ही स्पर्धा कशी उभी राहिली आणि तिच्यातल्या मॅचची लांबी कुठे कुठे कापली गेली हे पाहिलं, की तो पटतो.

स्पर्धेची सुरुवात १९७७ ची, ब्लॅकपूलच्या टॉवर सर्कसमध्ये. नाव होतं युनायटेड किंग्डम प्रोफेशनल स्नूकर चॅम्पियनशिप. नावाप्रमाणेच ती राष्ट्रीय होती: ब्रिटिश पासपोर्ट असलेले किंवा तिथेच राहणारे व्यावसायिक खेळाडूच त्यात उतरू शकत. पहिले पुरस्कर्ते सुपर क्रिस्टलेट, म्हणजे स्नूकरचे बॉल बनवणारे. पहिला विजेता पॅट्सी फॅगन. त्याने डग माउंटजॉयला १२–९ हरवलं, म्हणजे ९ विरुद्ध १२ फ्रेमने. फ्रेम म्हणजे मॅचमधला एक डाव. पुढच्या वर्षी स्पर्धा प्रेस्टनच्या गिल्ड हॉलमध्ये गेली आणि १९९७ पर्यंत तिथेच राहिली. माउंटजॉयने १९७८ मध्ये डेव्हिड टेलरला १५–९ हरवून आदल्या वर्षीची कसर भरून काढली.

त्या काळात ब्रिटनमध्ये राष्ट्रीय म्हणाव्या अशा व्यावसायिक स्पर्धा आणखीही होत्या. वेल्सची वेगळी, स्कॉटलंडची वेगळी, आयर्लंडची वेगळी, इंग्लंडची वेगळी. स्टीफन हेंड्री १९८६ मध्ये १७ वर्षांचा असताना स्कॉटिश व्यावसायिक विजेता झाला तो त्यातल्याच एका स्पर्धेत. वेल्सची स्पर्धा १९९२ पासून सगळ्या देशांच्या खेळाडूंना खुली झाली आणि वेल्श ओपन या नावाने आजही चालते. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या स्पर्धा मात्र विरून गेल्या. युके चॅम्पियनशिप टिकली आणि मोठी झाली, कारण हाच बदल तिने आठ वर्षं आधी केला: १९८४ मध्ये राष्ट्रीयत्वाची अट गेली, सगळ्या व्यावसायिकांना प्रवेश मिळाला आणि निकाल रँकिंगमध्ये धरले जाऊ लागले. रँकिंगचे गुण मिळत असतील तर वरचे खेळाडू येतात, वरचे खेळाडू आले की टीव्ही येतो आणि टीव्हीमागून पुरस्कर्ते. आज ती जागतिक अजिंक्यपद आणि मास्टर्स यांच्या बरोबरीने 'ट्रिपल क्राउन'मध्ये मोजली जाते.

पण या स्पर्धेने नाव कमावलं ते मॅचच्या लांबीवर. १९८० पासून १९९२ पर्यंतचा अंतिम सामना ३१ फ्रेमचा होता. जो आधी १६ जिंकेल तो विजेता, दोन दिवस, चार सेशन्स. ही लांबी काय करते ते समजण्यासाठी दोन सामने पुरेसे आहेत.

पहिला १९८३ चा. एका बाजूला त्या वर्षीचा जगज्जेता स्टीव्ह डेव्हिस, दुसऱ्या बाजूला आदल्या वर्षीचा जगज्जेता ॲलेक्स हिगिन्स. पहिलं सेशन संपलं तेव्हा गुणफलक होता ७–० डेव्हिस. दुसऱ्या सेशनच्या ८ फ्रेमपैकी हिगिन्सने ७ घेतल्या आणि पहिल्या दिवसाअखेर तो ७–८ वर आला. दुसऱ्या दिवशी सामना शेवटच्या, म्हणजे ३१ व्या फ्रेमपर्यंत गेला आणि हिगिन्स १६–१५ ने जिंकला. आता हाच सामना आजच्या प्राथमिक फेरीच्या मापाने मोजा. ११ फ्रेमची मॅच, आधी ६ जिंकणारा पुढे. डेव्हिस ६–० ने जिंकून हॉटेलवर परतला असता आणि पुन्हा उभं राहिलेल्या हिगिन्सचा खेळ कोणाला दिसलाच नसता.

दुसरा १९८५ चा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डेव्हिसने जागतिक अंतिम सामना डेनिस टेलरविरुद्ध शेवटच्या काळ्या बॉलवर १७–१८ ने गमावला होता. प्रेस्टनला समोर होता विली थॉर्न. थॉर्न १३–८ ने पुढे, बाविसावी फ्रेम हातात, आणि जागेवरचा साधा निळा बॉल चुकला. तो पडता तर १४–८. पडला नाही. डेव्हिसने ती फ्रेम घेतली आणि ती धरून उरलेल्या ९ पैकी ८ फ्रेम जिंकून सामना १६–१४ ने नेला. आजच्या १९ फ्रेमच्या मापाने पाहिलं तर थॉर्न केव्हाच विजेता झाला असता, कारण त्याच्या १० फ्रेम पूर्ण झाल्या तेव्हा डेव्हिस फार तर ८ वर होता. एका चुकलेल्या निळ्याचं ओझं पुढच्या आठ फ्रेमभर वाहावं लागतं, हे फक्त लांब मॅचमध्येच दिसतं. छोट्या मॅचमध्ये चूक होते आणि मॅच संपते. चुकीनंतर माणूस कसा खेळतो ते बघायला मिळत नाही.

१९७९ चा अंतिम सामना वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावा. जॉन व्हर्गो टेरी ग्रिफिथ्सविरुद्ध ११–७ ने पुढे होता. टीव्हीच्या सोयीसाठी त्या दिवशीची वेळ अलीकडे घेतली होती, व्हर्गो उशिरा पोहोचला आणि नियमाप्रमाणे त्याच्या दोन फ्रेम गेल्या. ११–७ चे ११–९ झाले. तरीही तो १४–१३ ने जिंकला. ज्या टीव्हीसाठी वेळ बदलली त्या बीबीसीच्या तंत्रज्ञांच्या संपामुळे विजयाची फ्रेम चित्रित झाली नाही. म्हणून जुने सामने शोधून बघणाऱ्यांनी १९७९ ची शेवटची फ्रेम शोधण्यात वेळ घालवू नये.

त्याच गिल्ड हॉलमध्ये १९८८ मध्ये माउंटजॉय पुन्हा अंतिम फेरीत आला. वय ४६, समोर १९ वर्षांचा हेंड्री. माउंटजॉयने १६–१२ ने सामना घेतला आणि त्यात १३१, १०६, १२४ अशा लागोपाठ तीन सेंच्युरी, म्हणजे एकाच पाळीत शंभरावर गुण, ठोकल्या. स्नूकर शिकणाऱ्या कुणालाही एकच जुना सामना सुचवायचा असेल तर हा सुचवावा. चाळिशी उलटल्यावर आपला स्ट्रोक नव्याने बांधून परत आलेला खेळाडू कसा दिसतो ते त्यात आहे: डोकं हलत नाही, क्यू मागे नेल्यावर क्षणभर थांबतो, घाई कुठेच नाही.

हेंड्रीचा काळ थोडक्यात. १९८९, १९९०, १९९४, १९९५, १९९६ अशी पाच विजेतेपदं. त्यातलं १९९४ चं अवश्य बघावं. केन डोहर्टीविरुद्ध १०–५, आणि जिंकलेल्या दहा फ्रेमपैकी सातमध्ये सेंच्युरी. १९९३ मध्ये अंतिम सामना ३१ वरून १९ फ्रेमवर आला आणि त्याच वर्षी रॉनी ओ'सुलिव्हनने हेंड्रीला १०–६ हरवलं. अठरावा वाढदिवस आठवड्यावर होता. तीस वर्षांनी, २०२३ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, त्याने यॉर्कला डिंग जुनहुईला १०–७ हरवून आठव्यांदा ही स्पर्धा जिंकली. डेव्हिसची सहा, हेंड्रीची पाच, ओ'सुलिव्हनची आठ. डिंगचं नाव आलंच आहे तर हेही सांगायला हवं: २००५ मध्ये १८ वर्षांच्या डिंगने ४८ वर्षांच्या डेव्हिसला १०–६ हरवलं, आणि ही स्पर्धा जिंकणारा तो ब्रिटन-आयर्लंडबाहेरचा पहिला खेळाडू ठरला. फक्त ब्रिटिशांसाठी म्हणून सुरू झालेल्या स्पर्धेचा प्रवास या एका निकालात दिसतो.

आता जागांबद्दल. प्रेस्टननंतर स्पर्धा १९९८ ते २००० बोर्नमथला, २००१ पासून यॉर्कला, २००७ ते २०१० टेलफर्डला गेली आणि २०११ मध्ये यॉर्कला परतली. फक्त २०२० मध्ये साथीमुळे ती मिल्टन कीन्सला प्रेक्षकांविना झाली. टेलफर्डने दोन मोठे सामने दिले. एक २००७ ची उपांत्य फेरी: ओ'सुलिव्हन विरुद्ध मार्क सेल्बी, ८–८, आणि निर्णायक सतराव्या फ्रेममध्ये ओ'सुलिव्हनचा १४७, म्हणजे सगळे बॉल टाकून केलेली पूर्ण गुणांची पाळी. दुसरा २०१० चा अंतिम सामना, ज्यात जॉन हिगिन्स मार्क विल्यम्सविरुद्ध ५–९ वरून १०–९ ने जिंकला. तरीही प्रेक्षकासाठी यॉर्क उजवं आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून रेल्वेने साधारण दोन तास, स्टेशनपासून सभागृह चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, जुन्या तटबंदीच्या अगदी बाहेर. सभागृह साधारण दीड हजार माणसांचं, म्हणजे मागच्या रांगेतूनही बॉलचे रंग नीट ओळखू येतात. तपकिरी आणि लाल यांची गल्लत होऊ लागली की स्नूकर बघण्यात अर्थ राहत नाही. तपकिरीचा रंग आणि जागा डोक्यात ठेवून सेफ्टी, म्हणजे बचावाचा खेळ, वाचायची असते.

मग मॅच लहान कशा झाल्या? २०११ पर्यंत अंतिम सामन्याआधीच्या फेऱ्या १७ फ्रेमच्या होत्या, दोन सेशन्समध्ये, ८ आणि उरलेल्या ९. त्या वर्षी उपांत्य फेरीच्या आधीचे सगळे सामने ११ फ्रेमवर आणले गेले. २०१३ मध्ये १२८ खेळाडूंचा सरळ ड्रॉ आला, पहिल्या फेरीपासून सगळे एकत्र. २०१४ पासून उपांत्य सामनेही ११ चे झाले. २०२२ मध्ये पुन्हा पायऱ्या आल्या: वरचे १६ खेळाडू थेट शेवटच्या ३२ मध्ये, बाकीच्यांना पात्रतेच्या चार फेऱ्या. त्यात १७ ते ४८ क्रमांकाचे खेळाडू तिसऱ्या पात्रता फेरीत उतरतात. म्हणजे वरच्या सोळांना विजेतेपदासाठी ५ सामने जिंकावे लागतात आणि अगदी तळातून आलेल्याला ९. विजेत्याला त्या वर्षापासून अडीच लाख पौंड मिळू लागले. १९७७ मध्ये फॅगनला २,००० पौंड मिळाले होते.

छोट्या मॅचच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण प्रेक्षक म्हणून पैसे देणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यात खरी सोय आहे. १७ फ्रेमच्या जमान्यात दुपारचं तिकीट काढलं तर ८ फ्रेम बघून निकाल न कळता बाहेर पडावं लागे. संध्याकाळचं काढलं आणि दुपारीच ७–१ झालं असेल, तर दोन-तीन फ्रेममध्ये खेळ खलास. २००६ मध्ये ओ'सुलिव्हन हेंड्रीविरुद्धची उपांत्यपूर्व मॅच १–४ वर असताना सोडून निघून गेला, तेव्हा १७ फ्रेमच्या त्या मॅचचं पुढचं सेशन झालंच नाही. ११ फ्रेमची मॅच एका बैठकीत सुरू होते आणि संपते. कामावरून येऊन बसलेल्या माणसाला पूर्ण सामना मिळतो.

तोटा असा की मास्टर्समध्येही अंतिम सामन्यापर्यंतचे सामने ११ फ्रेमचेच आहेत आणि अंतिम सामना १९ चाच. मास्टर्समध्ये फक्त १६ निमंत्रित. मग युके चॅम्पियनशिपचं वेगळेपण कशात? आज ते पात्रता फेऱ्यांच्या लांब रांगेत उरलं आहे. मधल्या फेऱ्यांत ते नाही. माझं मत स्पष्ट आहे: निदान उपांत्य फेरी १७ वर परत न्यावी. एका टेबलावर दोन उपांत्य सामने दोन दिवसांत सहज बसतात. १२८ च्या ड्रॉसाठी जागा पुरत नव्हती हे कारण २०२२ नंतर उरलेलं नाही.

उपांत्य फेरीचं तिकीट मागे का ठेवायचं, ते आता सांगता येईल. शेवटच्या ३२ पासून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत एकाच वेळी दोन टेबलांवर खेळ चालतो. एक मॅच ६–० ने संपली तरी दुसरी चालू असते. उपांत्य फेरीपासून टेबल एकच. एका तिकिटात एकच मॅच, आणि ती ११ फ्रेमची. फॉर्मात असलेला खेळाडू पंधरा मिनिटांत फ्रेम उरकतो. ६–० झालं तर मध्यंतर धरूनही पावणेदोन तासांत तुम्ही रस्त्यावर. अंतिम सामन्यात ही भीती कमी आहे, पण शून्य नाही. दुपारी ८ फ्रेम, संध्याकाळी उरलेल्या जास्तीत जास्त ११. २००४ मध्ये स्टीफन मॅग्वायर १०–१ ने जिंकला. दुपारच्या ८ वजा केल्या तर संध्याकाळसाठी ३ च फ्रेम उरतात. म्हणूनच एकच सेशन घ्यायचं तर दुपारचं घ्या असा सल्ला देतो. दुपारी ८ फ्रेमची खात्री असते, संध्याकाळी किमान २ ची. पण दोन्ही घेतलीत तर २०१४ सारखी संध्याकाळ पदरात पडू शकते. ओ'सुलिव्हन ९–४ ने पुढे, जड ट्रम्प सलग पाच फ्रेम घेऊन ९–९, आणि शेवटची ओ'सुलिव्हनची. २०२० मध्ये नील रॉबर्टसनने ट्रम्पला हरवलं तेही १०–९ नेच.

वेळेचा हिशेब नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सेशन्स दुपारी १ आणि संध्याकाळी ७ ला सुरू होतात. वरच्या दर्जाची फ्रेम सरासरी वीस ते पंचवीस मिनिटं घेते, पण दोन सावध खेळाडू भेटले आणि उरलेले लाल बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटले की एकाच फ्रेमला पाऊण तास ते तास लागतो. ११ च्या ११ फ्रेम झाल्या तर चार तास, शिवाय चौथ्या फ्रेमनंतरचं मध्यंतर. म्हणजे १ ला सुरू झालेली मॅच सव्वापाचला संपली तर ती वेळेवर संपली असं समजायचं. दोनपैकी एक टेबल साडेसहापर्यंत लांबलं की संध्याकाळचं सेशन उशिरा सुरू होतं, आणि मग ते मध्यरात्रीच्या पुढे जातं. संध्याकाळच्या सेशनसाठी यॉर्कबाहेरून येणाऱ्याने शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नये. मुक्काम ठरवूनच जावं.

घरी भारतात बसून बघणाऱ्यांसाठी: त्या दिवसांत ब्रिटनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. दुपारचं सेशन संध्याकाळी ६:३० ला, संध्याकाळचं रात्री १२:३० ला. मॅच पूर्ण लांबली तर पहाटेचे पावणेपाच. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारचं सेशन पुरे. जागरण करायचंच असेल तर ते अंतिम सामन्यासाठी राखून ठेवा.

सभागृहात कुठे बसावं? टेबलाच्या लांब बाजूला बसलात तर पोझिशन कळते, म्हणजे पांढरा बॉल कुठून कुठे गेला आणि पुढच्या रंगासाठी कुठल्या कोनात थांबला. बॉल्कच्या टोकाला, म्हणजे फ्रेमचा पहिला फटका जिथून मारतात त्या बाजूला बसलात तर क्यूची रेषा आणि पॉट, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये जाताना, दिसतो. लांब पॉट पडणार की नाही हे बॉल अर्ध्यावर असतानाच समजतं. शिकणाऱ्याने लांब बाजू घ्यावी. फ्रेम चालू असताना आत सोडत नाहीत, दोन फ्रेमच्या मधल्या वेळातच आत-बाहेर करता येतं. त्यामुळे पाच मिनिटं उशीर झाला तरी वीस मिनिटं दाराबाहेर उभं राहावं लागू शकतं. फोन बंद, फ्लॅश नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये कानात घालून कॉमेंटरी ऐकायचं छोटं यंत्र मिळतं, ते पहिल्यांदा बघणाऱ्याने घ्यावं. सेफ्टीच्या वेळी खेळाडू काय टाळतो आहे ते त्याशिवाय लवकर लक्षात येत नाही.

मुंबई-पुण्याच्या क्लबात खेळणाऱ्याला तिथे पहिली गोष्ट खटकते ती टेबलाचा वेग. १२ फुटी टेबल तेच, बॉल ५२.५ मिलिमीटरचे तेच, पण पांढरा बॉल आपल्या अंदाजापेक्षा एक-दोन कुशन जास्त धावतो. कारण साधं आहे. कापड नवं आणि बारीक लव असलेलं असतं आणि कापडाखालच्या दगडी पाटीला खालून तापवणारी यंत्रं बसवलेली असतात, त्यामुळे कापडात ओल राहत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कापड दमट होतं, बॉल जड धावतो, कुशनही मंद उडते. म्हणून तिथली पोझिशन जशीच्या तशी क्लबात करायला गेलं की पांढरा हातभर मागे राहतो. कापडाची लव बॉल्ककडून काळ्याच्या दिशेला झुकलेली असते हेही बघताना लक्षात ठेवा. काळ्याच्या बाजूने बॉल्ककडे हळू सोडलेला बॉल शेवटच्या फूटभरात सरळ रेषा सोडतो, आणि मधल्या पॉकेटमध्ये हळू टाकायचा बॉल खेळाडू थोडा जोरात का मारतात त्याचं उत्तर यात आहे.

खेळात जे बिघडतं त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे किक. दोन बॉल एकमेकांना लागतात त्याच बिंदूवर चॉकचा कण असेल तर क्षणभर दोघे चिकटल्यासारखे होतात. ऐकू येतो तो नेहमीचा टणटणीत आवाज नव्हे, दबका ठोका. समोरचा बॉल किंचित उडतो आणि जाड लागल्यासारखा पॉकेटच्या आधी आपटतो, पांढरा जागीच मरतो. त्यानंतर खेळाडू पंचाला बॉल पुसायला सांगतो. कमी धूळ सोडणारा ताओमसारखा चॉक बऱ्याच खेळाडूंनी घेतल्यापासून किक कमी झाल्या आहेत, पण थांबलेल्या नाहीत. ब्रेक, म्हणजे सलग बॉल टाकत नेलेली पाळी, चालू असताना ६०–७० गुणांवर किक बसली की फ्रेम उलटते, आणि ११ फ्रेमच्या मॅचमध्ये अशी एक फ्रेम म्हणजे विजयाला लागणाऱ्या सहांपैकी एक. लांब मॅचमध्ये हे नशीब दोन्ही बाजूंना वाटलं जातं. लहान मॅचमध्ये ते ज्याच्या वाट्याला येतं त्याच्याकडेच राहतं.

भारतीय प्रेक्षकासाठी पात्रता फेऱ्यांकडे लक्ष ठेवणं जास्त उपयोगाचं आहे. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेला होता आणि डिंगकडून ०–५ ने हरला. रँकिंग स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला तो पहिला भारतीय. मुंबईचाच इशप्रीत सिंग चढ्ढा पुढे व्यावसायिक सर्किटवर उतरला. वरच्या सोळांत नसलेल्या खेळाडूची युके चॅम्पियनशिप यॉर्कच्या आधीच सुरू होते, आणि ती याच ११ फ्रेमच्या मापाने, एकामागून एक दिवस. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत १६ जागा ठरतात. बक्षीस, रँकिंग आणि पुढच्या मोसमाचं स्थान सगळं त्यावर असल्यामुळे तिथल्या शेवटच्या फ्रेम यॉर्कच्या पहिल्या फेरीपेक्षा जास्त ताणलेल्या असतात. वेळापत्रक लागलं की आधी या फेऱ्यांच्या तारखा बघून ठेवा आणि मग यॉर्कचं तिकीट काढा. अंतिम दिवसाच्या चांगल्या जागा आधी जातात, त्यामुळे दोन्ही सेशन्स एकाच वेळी घ्या. दुपारची जागा लांब बाजूला मिळाली आणि संध्याकाळची बॉल्कच्या टोकाला, तरी चालेल. दोन्हीकडून तोच सामना वेगळा दिसतो.